बाबांच्या नंबरावरून आलेला कुकारा

इथल्या जुन्या मंडळींना माझा आयडी पाहून हसू येणार, मला माहीत आहे. भुताखेतांच्या प्रत्येक धाग्यावर ‘पुरावा काय?’ विचारून लोकांची मजा घालवणारी मीच ती. कुणाला विहिरीवर बाई दिसली की मी त्याच्या चष्म्याचा नंबर विचारते. घरचं वळणच तसं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे ना अंगारा, ना उतारा, ना अमावास्येची भीती. माझं मत आजही बदललेलं नाही. तरी गेल्या मोहाच्या हंगामातली एक सकाळ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी चंद्रपूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आईबाबा गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला अगदी खेटून असलेल्या गावात राहतात. मोहफुलं पडायला लागली की बाबा रोज उजाडता उजाडता टोपली घेऊन नाल्यापलीकडे जातात, आमची झाडं तिकडे आहेत. लहानपणी मीही जायचे. आमच्याकडे जंगलात माणसाला नावाने हाक मारत नाहीत, कुकारा देतात – तोंडाशी हात धरून लांबवर कूऽऽ. प्रत्येक घराचा वेगळा. आमचा म्हणजे दोन आखूड, मग एक लांब, शेवटी जरा वर चढणारा. आणि ऐकणाऱ्याने उलट कुकारा द्यायचाच, मग हाक देणाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी. उत्तर मिळालं की हाक देणारा त्या आवाजाच्या दिशेने चालत येतो. बस, एवढाच नियम.

तर त्या सकाळी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन चाललं होतं. विषय वाघाचा. कुणीतरी पायवाटेवरच्या पंजाचा फोटो टाकला आणि दोन तट पडले. ग्रुपचा ॲडमिन प्रमोदभाऊ, म्हणजे गावातच राहणारा माझा चुलतभाऊ, म्हणत होता की काही दिवस मोहाला जाणं बंद करा. दुसरे म्हणत होते, वाघाला जंगल आहे, मग आम्हाला काय? मग गाडी नेहमीप्रमाणे सरपंचाच्या निवडणुकीवर घसरली. मी ग्रुप म्यूटच ठेवते, पण उघडला की मला राहवत नाही. मशीनमध्ये सॅम्पल लावून मी प्रमोदभाऊसाठी भलंमोठं उत्तर टाइप करत बसले... की तुझ्या बाजूने बोलणाऱ्या, चंद्रपुरात, हैदराबादेत नोकऱ्या करणाऱ्यांना ‘बंद करा’ म्हणायला काय जातं, वगैरे. मी स्वतःही चंद्रपुरातच बसले होते, हे तेव्हा सुचलं नाही.

तेवढ्यात बाबांच्या नंबरावरून व्हॉइस नोट आली. बाबा ग्रुपवर कधी काही टाकत नाहीत. कुणी लक्षही दिलं नाही, खाली भांडण तसंच चालू. मी कानाला लावली. आधी नुसती खरखर, पाल्यावर वारा फिरावा तशी. मग कुकारा. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढलेला.

टाइप केलेलं तसंच सोडून मी उठले. का ते सांगता येत नाही, बाबांनी गंमत केली असेल असंही वाटू शकलं असतं. पण मी लॅबच्या मागच्या जिन्यात गेले, माइकचं बटण दाबलं आणि कुकारा दिला. बरोबरची मुलगी दारात येऊन बघायला लागली. ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले. प्रमोदभाऊने लिहिलं, “विषय काय चालू हाय, अन् तू काय टाकून राह्यली?”

बाबांना फोन लावला, तर बंद. मग आईला लावला.

“मोहाले गेले ना ते,” आई म्हणाली. “अन् मोबाईल कुठी हाय त्यांच्यापाशी? कालच जावेदभाऊकडे टाकला दुरुस्तीले.”

जावेदभाऊंचं गोंडपिपरीला मोबाईलचं दुकान आहे. त्यांनी फोन उचलला आणि शांतपणे सांगितलं, “ताई, तुमच्या बाबाचा फोन माझ्या समोर खुला पडला आहे. बॅटरी निकालून ठेवली मी.”

मी प्रमोदभाऊला फोन केला आणि बाबा जंगलात आहेत एवढंच म्हटलं. एक शब्द न विचारता तो माणसं गोळा करून नाल्याकडे निघाला. भांडणातले दोन्ही तट त्यात होते, हे मला नंतर कळलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, आवाज पार बसलेला. नाल्यात वाघीण बसली होती, रानडुकराची शिकार पुढ्यात घेऊन, अगदी आमच्या वाटेवर. बाबा कुठे दिसत नव्हते. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. लॅबमधल्या पोरीने पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

आणि मग आईचा फोन. बाबा घरी आले होते, पार उलट बाजूने, पहाडीला वळसा घालून.

संध्याकाळच्या बसने मी गावी गेले. बाबा ओसरीवर बसून मोहफुलं पसरत होते.

“झाडाखाली होतो,” ते म्हणाले. “एकदम पाखरं चूप झाली. मले समजलं, जनावर जवळ हाय. पन कुठी हाय ते दिसे ना. म्हटलं, नाल्यानं निघून जावं. पाय उचललाच होता, त पहाडीकडून तुहा कुकारा आला.”

“माझा?”

“मंग काय, मले तुहा आवाज समजत नाई? म्हटलं, पोरगी इकडं कधी आली? म्हनून त्या अंगानं गेलो.”

मी मोबाईल काढून त्यांना ती व्हॉइस नोट ऐकवली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. मग फुलं पसरायची थांबवून हात धोतराला पुसले.

“कुकारा आपल्याच घरचा हाय,” ते म्हणाले. “पन मी नाई देल्ला. जनावर जवळ असल्यावर कोनी तोंड उघडते का?”

“मंग कोनी देल्ला?” आईने विचारलं.

बाबा पुन्हा फुलं पसरायला लागले.

ग्रुपवर याचेही दोन तट पडले, हे सांगायलाच नको. एक म्हणतात सर्व्हरचा घोळ, जुनी नोट उशिरा आली. पण बाबांना नोट करताच येत नाही, आणि दुसरीकडे कुठे त्यांचं खातं जोडलेलंही नव्हतं, मी स्वतः तपासलं. दुसरे म्हणतात आजोबा आले. माझे आजोबा हे ऐकून चिडले असते. जावेदभाऊ म्हणतात डिलीट करून टाका, प्रमोदभाऊ म्हणतो राहू द्या. मी वाद घालत नाही, ग्रुप मात्र आता म्यूट नाही.

तुमचीही स्पष्टीकरणं लिहा, सगळी वाचेन. बाबा वाचले, त्याहून मोठं मला काही नको आहे. पण एक गोष्ट सुटत नाही. उत्तर दिलं की हाक देणारा आवाजाच्या दिशेने चालत येतो, हा आमचा नियम. उत्तर मी दिलं, लॅबच्या जिन्यातून. बाबा घरी पोचले, पण हाक त्यांची नव्हतीच. आणि ज्याची होती, तो अजून आलेला नाही.