मूल हवं का? शून्य ते दहा

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत, तेच मागे लागतात. संध्याकाळी फॉर्म जमा केले की आम्ही टपरीवर चहाला उभे राहतो आणि कोणीतरी म्हणतं, "आज एक गंमत झाली." गंमत म्हणून सुरू होतं, पण चहा संपेपर्यंत ती गंमत राहत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. देशकर मॅडम सुपरवायझर. मेश्राम भैया नवऱ्यांना प्रश्न विचारतात, मी बायकांना. रायपूर आणि आसपास घरोघरी जायचं, नवरा-बायकोला वेगवेगळं बसवायचं आणि विचारायचं, मूल व्हावं, किंवा आणखी एक व्हावं, असं तुम्हाला मनातून किती वाटतं? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे फार. आकडे छापलेली एक कागदी पट्टी असते, तिच्यावर बोट ठेवायचं. ट्रेनिंगमध्ये मला हे फार सोपं वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीत गेले. एका खोलीचं घर, दोरीवरच्या कपड्यांवर कारखान्याची काळी धूळ. नवरा रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला, बायको पॅकिंगच्या कामावर दिवसा. त्या दिवशी तिची सुट्टी होती. मूलबाळ नव्हतं. तिनं विचारसुद्धा न करता दहावर बोट ठेवलं. पुढचा प्रश्न होता, किती दिवसांत व्हावं असं वाटतं?

ती म्हणाली, "ताई, थे रात्री जातेत, मी सकाळी जाते. चौकात भेटतो आम्ही. पहिले दोघायले एका दिवशी सुट्टी तर मिळू द्या."

हे मी टपरीवर हसत हसत सांगितलं. मेश्राम भैया म्हणाले, त्या नवऱ्याला त्यांनी आदल्या दिवशी त्याच चौकात गाठलं होतं. त्यानंही दहाच सांगितले, आणि सारखा बायको येते त्या रस्त्याकडे पाहत होता.

मग एका रिटायर्ड रेल्वेवाल्यांचं घर. आपलीच मराठी माणसं, नागपूरकडची. सुनेला दोन मुली. प्रश्न सुनेला आणि उत्तर सासूबाईंचं, "लिहा, दहा." सुनेला एकटीनं सांगू द्या, असं मी दोनदा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या की या घरात कोणाच्या मनात वेगळं काही नसतं. नातवासाठी त्या चार वर्षांपासून सोमवार करत होत्या.

शेवटी मी पाणी मागितलं आणि सुनेच्या मागे स्वयंपाकघरात गेले. तिनं हळूच सांगितलं की दुसरीच्या वेळी माहेरीच ऑपरेशन करून घेतलं. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही.

मी विचारलं, मग आकडा कोणता लिहू?

"दहाच लिहा," ती म्हणाली. "शून्य लिहाल तर त्या वाचतील."

मला वाटलं, उगाच घाबरते. पण निघताना सासूबाईंनी खरंच चष्मा लावला, माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि दहाचा आकडा पाहून मला प्रसादाचं खोबरं दिलं. ते मी गेटबाहेर येऊनही तोंडात टाकू शकले नाही.

गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या वर राहणारी, लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नसलेली पोरगी भेटली. मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत. तिनं बरोबर पाचावर बोट ठेवलं. पाचच का, हे मला फॉर्ममध्ये लिहायचं होतं.

"दीदी, दस बोलूंगी तो इंजेक्शन फिर शुरू," ती म्हणाली. "झीरो बोलूंगी तो इनकी दूसरी शादी की बात शुरू. पाँच लिखो."

मी पाच लिहिलं. कारणाची जागा रिकामी ठेवली.

अभनपूरचं तर मी घरीसुद्धा सांगितलं नाही. आमच्याकडे बाईच्या वयाला मर्यादा आहे, एकोणपन्नासची. शेजारच्या घरचे फॉर्म भरून आम्ही निघालो तर एक बाई दारातून म्हणाली, माझं पण लिहा. वय विचारलं तर बावन्न. मेश्राम भैयांनी तिला नियम समजावला. तिचा एकुलता एक मुलगा मागच्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, हे आम्हाला शेजारणीनं आधीच सांगितलं होतं.

बाई म्हणाली, "उमर निकल गई तो मन भी निकल गया क्या?"

मेश्राम भैया तिथेच ओट्यावर बसले. मी नवा फॉर्म काढला. तिनं दहावर बोट ठेवलं. मग भैयांनी पट्टी तिच्या नवऱ्याकडे दिली. तो धानाच्या पोत्याला टेकून बसला होता. त्यानं पट्टी बराच वेळ पाहिली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आम्ही ती परत मागितली नाही. ऑफिसात कॉम्प्युटरनं वय पाहून फॉर्म घेतला नाही. मॅडमनी तो फाडलाही नाही.

आणि मग मेश्राम भैयांचं घर निघालं. घरं चिठ्ठीनं निघतात, आणि निघालेलं बदलता येत नाही. आपल्याच घरी आपण विचारायचं नाही, म्हणून भैयांना मॅडम विचारणार आणि संगीता वहिनींना मी. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. आम्ही तो विषय कधी काढला नव्हता.

रविवारी सकाळी गेलो. पाहुणे येणार म्हणून नेसावी तशी वहिनींनी नवी साडी नेसली होती. मॅडम आणि भैया बाहेर अंगणात, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी पट्टी पुढे केली. वहिनींनी बोट ठेवलं नाही.

"यायनं काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं.

"त्यायले पाहिजे असन तर माहे दहा लिहा. नसन पाहिजे तर शून्य. पण मी पहिले नाही सांगणार."

मी खूप समजावलं. त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या. तेवढ्यात मॅडमनी मला बाहेर गल्लीत बोलावलं. त्यांच्या हातातला फॉर्मही कोराच होता. भैयांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "पहिले तिचं लिहून आणा, मग माहं लिहा."

आम्ही दोघी स्कूटरजवळ उभ्या राहिलो. रोज नवऱ्याचा आणि बायकोचा फॉर्म शेजारी ठेवून मॅडम आकडे पाहतात. सारखे असले तर जुळलं, नसले तर नाही. मॅडमनी दोन्ही कोरे फॉर्म पिशवीत घातले आणि आम्ही आत गेलो.

चहा झाला होता. दोघं खाटेच्या दोन टोकांना बसले होते. भैयांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, जुळलं का?"

वहिनी बशीकडे पाहत होत्या.

"जुळलं," मॅडम म्हणाल्या.