काचेआडचं वाळवण

माझी धाकटी बहीण मुंबईत दुकानांच्या दर्शनी काचा सजवते. तलासरीत हे कुणाला सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे काचा पुसते का?" पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही. मी त्यांना बसायला सांगते आणि सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं मूळ घर डहाणूच्या किनाऱ्यावरचं. आजोबा, काका, सगळे होडीवर जाणारे. बाबांना मात्र समुद्र लागायचा. किनारा दिसेनासा झाला की त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं आणि बाकीचे जाळं ओढत असताना ते होडीच्या कडेला ओणवे झालेले असायचे. काही वर्षं त्यांनी नेटानं काढली. शेवटी आजोबाच म्हणाले, "तू आपलं जमिनीवरचं काहीतरी बघ." तेव्हा बाबांनी अच्छाडला, हायवेच्या कडेला, पंक्चरचं दुकान टाकलं आणि आम्ही तलासरीला राहायला आलो. आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकायची, ती तलासरीच्या बाजारात विकू लागली. माल तिच्या माहेरूनच यायचा.

बाबांचं दुकान म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. पण ते मांडायचे झोकात. जुन्या टायरांना लाल-पांढरा रंग देऊन त्यांची उतरंड रचायची, दिवाळीत तिच्यावरून दिव्यांच्या माळा सोडायच्या, हवा भरायच्या मशीनला झेंडूचा हार घालायचा. गुजरातकडून येणारे ड्रायव्हर लांबूनच ओळखायचे आणि काम नसलं तरी हॉर्न देऊन पुढे जायचे. बहीण शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. बसायची म्हणजे काय, बाबांनी रचलेले टायर उतरवून दुसऱ्या तऱ्हेनं रचायची. बाबांनी तिला कधी अडवलं नाही. गिऱ्हाईक नसलं की तेही तिच्या शेजारी उभे राहून बघत बसायचे.

बारावी झाल्यावर ती म्हणाली, "मला दुकानं सजवायचं शिकायचंय. मुंबईत त्याचा कोर्स असतो."

मामा त्या दिवशी घरी आले होते. ते हसले. "दुकान मांडायला शाळेत जायला लागतं? आपल्या बायका रोज बाजारात मासळीची पाटी मांडतात की."

बाबा म्हणाले, "येतं आपल्याला, ते खरं. पण आणखी नीट येईल. जाऊ दे तिला."

तेवढ्यावर विषय संपला आणि ती गेली.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर म्हणून नवीनच लागले होते, डहाणू आगारात. सणासुदीला सगळं जग फिरायला निघतं आणि त्यांना पोचवायला आम्ही लागतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांतली मुंबई मी कधी पाहिलीच नव्हती. बहीण फोनवर सांगायची तेवढीच. कोर्स संपल्यावर तिला फोर्टमधल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात काम मिळालं. सुरुवातीला ती शिडी धरायची, टाचण्या द्यायची, पुतळ्यांना कपडे चढवायची. मग एका डिसेंबरात तिचा फोन आला.

"ताई, नाताळची मधली काच मला दिलीय. एकटीला. आई-बाबांना घेऊन ये."

"काय केलंयस?"

"ते नाही सांगणार. संध्याकाळी या, दिवे लागतील तेव्हा."

डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम, रजा मिळणं कठीण. मी आगारातल्या साहेबांना खरं तेच सांगितलं, की बहिणीनं मुंबईत काम केलंय, ते आई-बाबांना दाखवायचंय. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

आम्ही सकाळीच बोरिवलीच्या एसटीनं निघालो. बाबांना खिडकी दिली. उभा जन्म त्यांनी या हायवेवरून मुंबईला जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, त्यांचे टायर काढले आणि घातले. स्वतः मात्र मोजक्याच वेळा गेले, तेही कुणाच्या आजारपणाला नाहीतर मयताला. फिरायला म्हणून ही पहिलीच खेप. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता बसले होते.

बोरिवलीहून आम्ही मेट्रो धरली. स्टेशनातल्या सरकत्या जिन्यापाशी बाबा थबकले. भरलेल्या ट्रकखाली बिनधास्त झोपणारा माणूस, पण पायाखालची पायरी हलताना बघून त्यांचं पाऊल उचलेना. आईनं लुगड्याचा काठ जरा वर घेतला, एक पायरी नजरेनं हेरली आणि चढली. वर पोचून मागे वळून म्हणाली, "होडीत चढतात तसं करा. हललं की ठेवायचा पाय."

"म्हणूनच जमत नाही मला," बाबा म्हणाले, आणि माझा हात धरून वर आले.

दोनदा गाडी बदलून आम्ही जमिनीखालून फोर्टला आलो. एवढा वेळ बाबा गाडीचा आवाज ऐकत होते. "एवढं लांब आलो, एक खड्डा नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी तारीफ होती. धंद्याच्या दृष्टीनं वाईट बातमी होती, पण तारीफच.

वर आलो तर सगळीकडे नाताळ. दगडी इमारतींच्या कमानींवर दिव्यांच्या माळा चढवलेल्या, अजून पेटवलेल्या नव्हत्या. फुटपाथवर चांदण्या, चमकणाऱ्या झिरमिळ्या, लाल टोप्या विकायला ठेवलेल्या. आई प्रत्येक विक्रेत्यापाशी थांबत होती, पण वस्तूंकडे बघत नव्हती. माल कसा लावलाय ते बघत होती. एका बाईनं मोठ्या चांदण्या पुढे आणि लहान मागे लावल्या होत्या. "हिचं मागचं खपत नसणार," आई मला हळूच म्हणाली. बाजारात बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बाजाराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी डबल-डेकरमध्ये बसलो. खालच्या मजल्यावर तिकीट काढताना मी त्या कंडक्टर बाईंना म्हटलं, "मीपण एसटीत आहे. डहाणूला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या आई-बाबांकडे. "वरती पुढची सीट खाली झाली की सांगते. इथंच थांबा." आणि खरंच सांगितलं. बाबा वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसले आणि पूर्ण फेरी मान न वळवता समोर बघत राहिले. झाडांच्या फांद्या काचेला घासून जायच्या तेव्हा तेवढे मागे सरायचे.

गेटवेला फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती. आई त्या कमानीकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. "आपल्यासारखाच आहे," म्हणाली. "होड्या तेवढ्या नटवल्यात." बाबांनी होडीची फेरी नको म्हणून आधीच सांगून टाकलं होतं.

दुकानापाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दुकान दोन मजली, रस्त्याच्या कोपऱ्यावर. कडेच्या दोन्ही काचा सजून तयार होत्या. एकीत कापसाचा बर्फ आणि लाकडी हरणं, दुसरीत लाल पोशाखातले पुतळे. मधल्या मोठ्या काचेला मात्र आतून तपकिरी कागद लावलेला होता. बाबांचा चेहरा उतरला. "रद्द केलं की काय?"

मी बहिणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. दारावरचा वॉचमन म्हणाला की काम चालू आहे, जरा रस्त्याच्या बाजूला उभे राहा, गिऱ्हाइकांना वाट द्या. आम्ही बाजूला झालो. कागदामागे सावली हलत होती. शिडीवर कुणीतरी चढत होतं, उतरत होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "तीच आहे. डाव्या हातानं बांधतेय." बहीण डावखुरी.

मग कागद एका बाजूनं सुटला आणि खाली आला.

आत बर्फ नव्हता. खाली वाळू पसरली होती, आणि तिच्यात बांबू रोवून एकावर एक दोरखंड ताणले होते. त्या दोरखंडांवर पांढरे-चंदेरी स्टोल आणि ओढण्या लोंबत होत्या, जोडी-जोडीनं, मधोमध दुमडून, सगळ्या एका लांबीच्या. मागून दिव्यांचा मंद उजेड येत होता आणि कुठूनतरी सोडलेल्या वाऱ्यानं त्या सगळ्या एकदम हलत होत्या. वर बांबूच्या टोकाला एकच मोठी चांदणी.

आई काचेजवळ गेली. तिनं हात वर केला, पण काचेला लावला नाही.

"हे तर बोंबलाचं वाळवण," ती म्हणाली.

होय. थंडीत आईच्या माहेरी गेलो की सबंध किनाऱ्यावर हेच असायचं. बांबू, दोऱ्या, आणि जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेले बोंबील. उन्हात चमकायचे. आम्ही दोघी मामींच्या हाताखाली ते टांगायचो. मी लवकर कंटाळायचे. बहीण मात्र सगळ्या रांगा सारख्या झाल्याशिवाय उठायची नाही. आणि आता फोर्टातल्या सगळ्यात महागड्या दुकानाच्या मधल्या काचेत, हरणांच्या आणि बर्फाच्या शेजारी, आमच्या आजोळचा किनारा उभा होता.

बहीण आतच होती, मोजे घातलेल्या पायांनी वाळूच्या कडेला उभी. तिनं आम्हाला पाहिलं. एकदा हसली आणि परत पाठ फिरवून एका दिव्याचा कोन बदलायला लागली.

"हाक मारू का?" मी म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "काम चालूय तिचं. सोडून आली नाही, ते बरं केलं."

लोक थांबायला लागले होते. फोन वर करून फोटो काढत होते. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब येऊन उभं राहिलं, नवरा-बायको आणि एक म्हातारी आजी. आजी सुनेला विचारत होत्या की हे काय दाखवलंय, कपडे वाळत घातलेत का. सुनेला सांगता येईना. बाबा हायवेवर आयुष्य काढलेले, गुजराती त्यांना मराठीइतकीच येते. ते पुढे झाले आणि त्यांना समजावून सांगायला लागले, आमच्याकडे समुद्रावर मासळी कशी वाळवतात, बांबू कसे रोवतात, वारा कुठून यावा लागतो. आजी शाकाहारी असाव्यात, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी बाबा काचेकडे बोट करून म्हणाले, "आ मारी नानी दीकरीए कऱ्युं छे." म्हणजे, हे माझ्या धाकट्या लेकीनं केलंय.

आजींनी आत वाकून बहिणीकडे पाहिलं. "आ तमारी दीकरी?"

"हा. नानी." मग ते वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अने आ मोटी. एसटीमां कंडक्टर छे. आम्हाला घरून इथपर्यंत तिनंच आणलं." शेवटी बोलण्याच्या भरात ते मराठीत कधी आले, त्यांनाही कळलं नाही.

मी त्या सगळ्या दिवसात स्वतःकडे पाहिलंच नव्हतं. मी पिशव्या धरत होते, तिकिटं काढत होते, रस्ते विचारत होते. नोकरी लागली तेव्हा बाबा "बरं झालं" एवढंच म्हणाले होते, आणि मला तेवढं पुरलंही होतं. परक्या माणसांसमोर, एवढ्या दिव्यांत, त्यांनी माझं नाव बहिणीच्या जोडीनं घ्यावं, हे मनातही आलं नव्हतं. त्या आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्यांच्या मुलानं आमचा फोटो काढून दिला, मागे काच, काचेत पाठमोरी बहीण.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. केसांत चंदेरी दोरा अडकला होता. आईनं आधी तो काढला, मग तिचे दोन्ही हात हातात घेऊन तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. दोरखंड ओढून ते लाल झाले होते.

"दुकानवाल्यांनी काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"म्हटलं ना. नाताळात मासळी कुठून आली, म्हणाले. मी म्हटलं, मासळी कुठाय, ओढण्याच तर आहेत. टांगल्यावर बघा, नाही आवडलं तर मीच उतरवते." ती हसली. "मोठे साहेब बाहेर जाऊन रस्त्यापलीकडून बराच वेळ बघत होते. परत आले आणि म्हणाले, राहू दे. हे सकाळचं. मग मी परत कागद लावला आणि दुपारभर आणखी नीट करत बसले."

तिनं आम्हाला आत नेऊन दुकान दाखवलं. आई एका ओढणीपाशी थांबली, काचेत टांगल्या होत्या तसलीच. तिनं ती दोन बोटांनी दुमडून पाहिली, सोडली आणि पुढे गेली. विकत काही घ्यायचं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

नंतर बहीण म्हणाली, चला, बाकीच्या काचा दाखवते. आणि त्या संध्याकाळी आम्ही फोर्टातली एकूण एक दुकानं बाहेरून पाहिली. कमानींवरचे दिवे आता लागले होते. प्रत्येक काचेसमोर बाबा हात मागे बांधून उभे राहायचे, आधी लांबून, मग जवळून, आणि काहीतरी सांगायचे. इथं दिवा डोळ्यात येतो. इथं खूप भरलंय, नजर ठरत नाही. हे बरंय. बहीण त्यांच्याशी तावातावानं वाद घालत होती आणि आई आणि मी मागून भाजलेले शेंगदाणे खात चाललो होतो.

एका जुन्या घड्याळांच्या दुकानापाशी बहीण वाद सोडून थांबली. काचेत फक्त काळं कापड होतं आणि त्यावर एकच घड्याळ, वरून एकच दिवा. बाबा बराच वेळ उभे राहिले.

"ही चांगली आहे," ते म्हणाले.

"माझ्याहून?" बहिणीनं विचारलं.

बाबांनी परत एकदा नीट पाहिलं.

"ह्या वर्षी बरोबरीची आहे. पुढच्या वर्षी बघू."