चूल कुठाय?

"चूल कुठाय?" कुठंही गेल्या की मॅडमचा पहिला प्रश्न हाच असायचा.

पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी पंखा लावला, खुर्ची पुढे केली. बसतील तर शपथ. "चूल कुठाय?" म्हणत सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. आमच्याकडे गॅस. त्यांनी शेगडी बघितली, फोडणीचे डाग बघितले, भिंतीवर तेलाचा पिवळेपणा कुठे जास्त आहे ते बघितलं आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही डावखुऱ्या ना?" बायको डावखुरीच आहे. तिला वाटलं मीच सांगितलं. मी कशाला सांगायला जातो? त्या चहा पिऊन गेल्यावर बायकोनं वर माझ्यावरच डोळे वटारले.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर सरकारी अधिकारी म्हणून ओळखलं नसतं. ठेंगण्या, डोक्याला सुती रुमाल, पायात पुरुषी बूट आणि खांद्याला पाण्याची मोठी बाटली. त्यातलं पाणी प्यायचं नाही. ते मातीसाठी. रस्त्याच्या कामात कुठे जमीन कापली की त्या कापावर पाणी शिंपडायचं आणि गप्प उभं राहायचं. "कोरडी माती सगळी सारखीच दिसते हो," त्या म्हणायच्या, "भिजली की रंग वेगळे होतात." आणि आम्ही उन्हात घाम पुसत ते रंग वेगळे व्हायची वाट बघायची.

मी बांधकाम खात्यात अभियंता, त्या पुरातत्त्व खात्यात. मी रस्ता आखायचा आणि तो जुन्या कशावरून जातोय का ते त्यांनी तपासायचं. म्हणजे मी घाई करायची आणि त्यांनी ती मोडायची, असा आमचा संसार. "मॅडम, मार्चच्या आत काम दिसलं पाहिजे," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "इथली माणसं हजार वर्षांपासून पडून आहेत, त्यांनी कधी मार्चचं नाव काढलं का?" राग यायचा. खरं सांगतो, लई राग यायचा.

तर घाटनांदूरकडून धर्मापुरीकडे जाणारा एक रस्ता रुंद करायचा होता. वाटेत एक गाव आहे. गावाच्या तोंडाशी उजव्या हाताला पांढर. पांढर म्हणजे जिथे जुनं गाव बसलं, मोडलं, त्यावरच पुन्हा बसलं आणि त्या सगळ्याची मिळून मातीची टेकडी झाली, ती जागा. तिथली पांढरी माती गावातल्या बायका चूल पोतारायला, म्हणजे सारवायला, नेतात. डाव्या हाताला गायरानावर ऊसतोड करणाऱ्यांची पत्र्याची घरं. मधून आमचा अरुंद रस्ता, आणि पुढे लगेच पूल, त्यामुळे वळवायला जागा नाही. रुंद करायचा तर एका बाजूचा बळी जाणार हे उघड होतं.

ही पांढर मॅडमनी नोकरीत नव्या असताना पहिल्यांदा बघितली होती. तेव्हापासून तिथे रीतसर उत्खनन करायचं त्यांच्या मनात. दरवर्षी मागायच्या, दरवर्षी राहून जायचं. आता निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांनी मला आणि सरपंचांना वर नेलं, रस्त्याकडच्या धुपलेल्या कडेवर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि बोटानं गप्प राहायची खूण केली. हळूहळू पिवळट मातीत विटकरी रंगाचा एक अर्धगोल उमटला.

"चूल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हजार वर्षं तरी झाली असतील."

मला भाजलेली माती दिसली.

"ही बाजू मिळायची नाही," त्यांनी सांगून टाकलं. "मी हरकत घेणार."

"घ्या की," सरपंच म्हणाले. "मग डाव्या अंगानं न्या रस्ता. घरं बंदच हायत. समदे उसाला गेलेत कोल्हापूरकडं. गायरानातली घरं, कागद न्हाई, काय न्हाई. कोन कावून बोलल?"

मला ते सोयीचं वाटलं. आखणी नीट बसत होती आणि मॅडमची पांढरही वाचत होती. मी मान डोलावली.

मॅडम मात्र टेकडी उतरून रस्त्यापलीकडे गेल्या. पहिल्याच घराच्या दाराला कुलूप होतं.

"चूल कुठाय?"

"अहो मॅडम, घर बंद आहे."

"घराचं नाही विचारलं मी."

आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात. तिथे कुडाच्या आडोशाला एक घमेलं पालथं घातलेलं, वर दगड. त्यांनी दगड उतरवला, घमेलं उचललं. खाली चूल होती. पांढऱ्या मातीनं पोतारलेली, पोतारणारीच्या बोटांच्या रेघा जशाच्या तशा. वैलात, चुलीच्या बाजूच्या जोड तोंडात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. शेजारी रचलेलं सरपण, त्यावर खताची गोणी. उसाला जाताना आमच्याकडच्या बायका असंच करून जातात. सहा महिन्यांनी दमून भागून परत आलं की लगेच पेटवता यावी म्हणून.

मॅडम चुलीसमोर उकिडव्या बसल्या. बाटलीला हात लावला नाही. बऱ्याच वेळानं घमेलं होतं तसं ठेवलं, दगडही त्याच जागी ठेवला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्या तिकडची बाई आता यायची नाही. ही येणार आहे."

"म्हणजे?"

"उजवी बाजू घ्या. पांढरीची कडेची पट्टी तेवढी. तुमची मशीन इथवर यायच्या आत मी ती खणून घेते."

सरपंच चक्रावले. "आत्ता तर न्हाई म्हनल्या की तुमी."

"आत्ता ही चूल बघितली नव्हती."

परतीच्या वाटेवर त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला. मी शेजारीच होतो, ऐकू येत होतं ते एकाच बाजूचं. "हो सर, मीच मागत होते इतकी वर्षं... कळतंय मला... नाही, कुणाचा दबाव नाही." फोन ठेवल्यावर घाटनांदूर येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी जीपमधला रेडिओ बंद केला.

खणायला गावात उरलेल्या म्हाताऱ्या बायका आल्या. खापराचा एकेक तुकडा ब्रशनं साफ करायचा म्हणजे त्यांना गंमतच वाटायची. एकीनं विचारलं, "बाई, एवढी खापरं गोळा करताय, तुमच्या घरी गाडगं न्हाई का?" मॅडम पोट धरून हसल्या. "हाय की, पन असलं झ्याक भाजलेलं न्हाई." मॅडम मूळच्या पाटोद्याच्या. त्या बायकांत बसल्या की त्यांची बोली अशी आपोआप बाहेर पडायची. मी रोज घाई करायला जायचो आणि सगळ्यांचा चहा घेऊन तिथेच बसायचो. मशीन पुलापाशी थोडी जास्तच अडकून पडली. कशामुळे, ते मला कुणी विचारलं नाही.

ती हजार वर्षांची चूल त्यांनी कागदावर उतरवली, तिचे फोटो काढले, तिच्यातली राख पिशव्यांत भरली. बाकी राहिली ती भाजलेली माती. तिला उचलून न्यायला वेळ नव्हता.

जेसीबी आला त्या दिवशी मॅडम रस्त्यावर उभ्या होत्या. बकेट कडेवर पडलं, माती घसरली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खांद्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि ते पाणी स्वतः प्यायल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या बाटलीतलं पाणी पिताना पहिल्यांदाच बघितलं.

महिन्याभरात त्या निवृत्त झाल्या आणि पाटोद्याला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "ती आली की फोन करा."

"कोण?"

"चूलवाली."

उन्हाळ्यात ऊसतोडीचे ट्रॅक्टर परत आले. मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. त्या पहिल्या घरापुढे चाळिशीची एक बाई बोचकं उतरवत होती. तिनं कुलूप उघडलं, पण आत न जाता सरळ मागे गेली. मी रस्त्याचं काहीतरी विचारायच्या निमित्तानं तिच्या मागे. घमेलं निघालं, सरपण लागलं, धूर झाला. डोळे पुसता पुसता तिचं लक्ष पलीकडे गेलं.

"ही पांढर कुनी कापली? पोताऱ्याची चांगली माती त्याच कडंला व्हती. आता कुठून आनायची?" ती वैतागून म्हणाली.

मी बाजूला होऊन फोन लावला.

"आली, मॅडम."

"चूल?"

"पेटली."

त्यांनी विचारलं, "काय टाकलंय?"

मी त्या बाईला विचारलं. "भाकर," ती म्हणाली. "कोन इचारतंय?"

"एक मॅडम आहेत."

"वळखीच्या हायत का?"

"नाही. पण त्यांनी तुमची चूल बघितलीय."

तिनं चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही उमगलं नसावं. "मग या म्हनावं की जेवायला," ती म्हणाली.

मॅडमनी ते ऐकलं होतं. "येते म्हणावं," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. त्यांच्या भावाचा फोन आला होता. मी पाटोद्याला जाऊन आलो. घरात शिरताना पाय आपोआप आधी स्वयंपाकघराकडे वळले.

रस्ता आता गुळगुळीत झालाय. दर उन्हाळ्यात मी तिथून गेलो की ती बाई थांबवते. "तुमच्या मॅडम आल्या न्हाईत की वो अजून," म्हणते आणि ताटात भाकरी वाढते. मी तिला सांगितलेलं नाही. मी चुलीजवळ बसतो आणि भाकरी खातो.