दिघ्यांच्या ओटीवरचं सोनं

कर्जतच्या दिघ्यांचा लक्ष्मण मुंबईस युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकतो, हे ठाऊक नसलेला माणूस गावात सापडणं कठीण होतं. लक्ष्मणरावांनी तशी सोयच ठेवली नव्हती. दर शनिवारी आगगाडीतून उतरले की ते मुद्दाम बाजारातून घरी येत, जाडजूड इंग्रजी पुस्तक लोकांना दिसेल असं काखेत धरून. बी.एस्सी.च्या परीक्षेत ते दोनदा आपटले होते. पण ते काही पुस्तकावर छापलेलं नव्हतं.

त्यांची बायको उमा हिच्या वाट्याला रसायनशास्त्र आलं ते असं, की रविवारी दुपारी लक्ष्मणराव धडे घोकत आणि चुका काढायला समोर कोणीतरी लागे. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं बाळबोध अक्षरांत एका वहीत उतरवून दिलं. मूलद्रव्यांचं कोष्टक, बेन्झीनमधलं सहा कर्बांचं कडं, कोणत्या धातूचा तळाशी बसणारा साका कोणत्या रंगाचा. दोन वर्षं ते म्हणत राहिले, ती ऐकत राहिली. त्यामुळे त्यांचं सगळं विसरून झालं आणि तिचं पाठ झालं.

एकदा जेवताना लक्ष्मणराव वडिलांना म्हणाले, "अण्णा, विलायतेत हवेतून नवाच वायू शोधून काढलाय. कशाशीच संयोग पावत नाही, काही करत नाही. म्हणून नावच ठेवलंय आळशी."

अण्णांनी ताक भुरकलं. "त्यात नवं काय? आमच्या घरी तो चोवीस वर्षांपूर्वीच सापडलाय."

त्याच मार्गशीर्षात अण्णांचं पोट दुखायला लागलं. मग सासूबाईंचं, मग उमेचं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, उष्णता म्हणाले आणि नागभस्माच्या पुड्या दिल्या.

भांडी घासायला येणारी बायजा मात्र नाडीबिडी पाहत नसे. ती पातेलं घेऊन चुलीशी आली. "वैनी, ह्ये बगा. कल्हई करून म्हैना नाय झाला, आन् बोट लावलं का काळं व्हतंय. आमच्या आळीत पन तसंच हाय. समद्यांनी आबाजीशेटच्या दुकानातलंच कथील घेतलंय."

उमेनं पातेल्याच्या कडेवर कागद घासला. शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. कथलात शिसं मिसळलं असेल, तर रोजच्या आमटीतून घरादाराच्या पोटात जात होतं ते तेच. आणि वैद्यबुवांचं नागभस्म? नाग म्हणजेही शिसंच. तिनं त्याच दिवशी पुड्या उकिरड्यावर रित्या केल्या आणि त्यांत गोवरीची चाळलेली राख भरून ठेवली. स्वयंपाक मातीच्या मडक्यांत सुरू केला.

रविवारी तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, कल्हईत शिसं आहे का, एवढं बघून द्या ना."

"अगं, भांडीकुंडी हा आमचा विषय नव्हे. आम्ही सध्या उच्च कर्बी संयुगांत आहोत."

"बरं. मग आबाजीशेटना आणि आळीतल्या मंडळींना ओटीवर बोलावून, तुम्हीच प्रयोग करून दाखवाल असं मी सासूबाईंना म्हणाले होते. नको म्हणून कळवते."

मंडळी म्हटल्यावर लक्ष्मणराव उच्च संयुगांतून तत्काळ खाली उतरले.

संध्याकाळी ओटी भरली. आबाजीशेट पुढेच बसले होते, जणू कथील त्यांच्या दुकानातलं नव्हेच. लक्ष्मणरावांनी सरावासाठी मुंबईहून आणलेल्या बाटल्या मांडल्या, कल्हईचा खरवडा काचेच्या नळीत घातला, वर तेजाब म्हणजे नत्राम्ल ओतलं, अर्धा तास भाषण केलं आणि पुढचं विसरले.

माजघराच्या दाराआडून आवाज आला, "अहो, पाणी घालून गाळा."

त्यांनी गाळलं.

"आता आयोडाइड. दोनच थेंब."

थेंब पडले आणि निवळ पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं. आत उमेनं डोळे मिटून घेतले. शिसंच होतं. पण वहीत खूण पटवायची आणखी एक पायरी होती. "गरम करा," ती म्हणाली, "आणि निवू द्या."

तापवल्यावर पिवळेपणा विरघळून गेला. मग नळी निवू लागली तशी तिच्यात सोनेरी चकत्या चकाकत खाली उतरू लागल्या.

सगळे नळीशी सरकले. मग कोणीतरी ओरडलं, "सोनं!"

"सोनं नव्हे, हे शिशाचं आयोडाइड..." लक्ष्मणराव म्हणाले. पण युनिव्हर्सिटीत दोन वर्षं शिकवलेलं त्यांनीच ऐकलं नव्हतं, मग त्यांचं कोण ऐकणार! आबाजीशेट सगळ्यांत आधी सावरले. "मी म्हणत होतोच, माझं कथील साधं नाही!"

त्या आठवड्यात त्यांच्या दुकानातलं कथील संपलं. लोक उमेच्या दाराशी येऊन विचारायचे, तेजाब किती घालायचं. ती बायकांना सांगायची, बाई, ते विष आहे. बायका मान डोलवायच्या आणि सोनं आपल्यापासून लपवते म्हणून घरी जाऊन तिला नावं ठेवायच्या. बायजानं तेवढी आपल्या आळीतली पातेली विहिरीवर नेऊन वाळूनं तांबं दिसेतो घासली.

अण्णा महिन्याभरात बरे झाले. "नागभस्मासारखं औषध नाही," असं ते येईल त्याला सांगत. उमेनं कधी वाद घातला नाही; राख तिच्याकडे भरपूर होती.

पुढच्या साली लक्ष्मणराव पास झाले. परीक्षेआधी महिनाभर दर रविवारी उमा वाट्यांत मोरचूद, तुरटी, हिराकस असलं काहीबाही पाण्यात कालवून पुढे ठेवी आणि ओळखल्याशिवाय जेवायला वाढत नसे. भूक ही मोठी गुरू. मग त्यांना खालापूरच्या कचेरीत कारकुनी लागली, तिथे बेन्झीनचं कडं आजवर कोणी मागितलेलं नाही.

खालापुरात नव्या कल्हईची भांडी घेऊन बायका दुपारी मागल्या दारी येऊ लागल्या. उमा पदर खोचून कागद घासून बघे, आणि संशय आला तर कोनाड्यातली आयोडाइडची बाटली काढी. मात्र नळी तापवायचं तिनं कायमचं सोडून दिलं.