वहिनींच्या माथी आलेला पंखा

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरात नानांचा, म्हणजे वडिलांचा, जुना टेबल फॅन होता. पितळी पाती, जड बैठक. नानांचा त्याच्यावर फार जीव. मी कॉलेजात असताना एका दुपारी घरी एकटाच होतो. उकाडा असह्य झालेला. पंखा माझ्याकडे वळेना, म्हणून मी जोर लावला — आणि त्याची मान कटकन मोडली.

मी काय केलं? मोडकं डोकं बैठकीवर अलगद टेकवलं आणि बाहेर पडलो.

संध्याकाळी वहिनींनी पुसायला फडकं लावलं. डोकं खाली आदळलं. लग्न होऊन नव्यानंच आलेल्या — बोलणार तरी काय? आईनं ‘धांदरट’ म्हटलं. नाना कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि मी? नुसता गप्प बसलो असतो तरी... मी म्हणालो, “परवा कपपण त्यांनीच फोडला की.” त्या घरात ‘धांदरट’ हेच त्यांचं नाव पडलं.

नाना गेले. माझ्या निवृत्तीनंतर तो पंखा मी जुळे सोलापूरला आणला, दुरुस्त करायला घेतला. पाती चिंचेनं घासली, गंज काढला. मानेचा धातू मात्र बोटांत बिस्किटासारखा चुरत होता. लेथवाला म्हणाला, “साहेब, हे आतनंच किडलंय. कधी ना कधी मोडणारच हुतं.”

खरं सांगू? क्षणभर मला आनंद झाला. वहिनींना हेच सांगावं — कुणाचीच चूक नव्हती! मग स्वतःचीच किळस आली. धातू किडका होता. पण वहिनींचं नाव तर मी घेतलं होतं.

नवी मान बसवून पंखा त्यांच्याकडे नेला आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे मी मोडला नव्हता?”

“नाही.”

“लेकीचं बाळ पहिल्यांदा हातात घ्यायलासुद्धा भ्याले हुते मी, भावजी. पडंल म्हणून.” मग म्हणाल्या, “आता हे सगळ्यांसमोर सांगा.”

रविवारी जेवायला सगळे जमले, तेव्हा सांगितलं. दादा ताटावरून उठला. मी मात्र त्या रात्री गाढ झोपलो.

वहिनी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबरच आहे. पण त्या समोर आल्या की आता माझी नजर खाली जात नाही.