सतरा नंबरच्या जागेवरची बाटली

सतरा नंबरचे सहाही कॅन डॉकवर तसेच उभे होते. वर ओलं पोतं टाकलेलं. सकाळचे सव्वाआठ झाले होते. बाकीच्या गाड्या दूध उतरवून निघून चालल्या होत्या, आणि सतराला हात लावायचा नाही असा मॅनेजर साहेबांचा निरोप होता.

कॅनजवळ शकुंतलाबाई उभ्या होत्या. लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडे एका खेड्यात आमच्या डेअरीचं सतरा नंबरचं दूध संकलन केंद्र त्या चालवतात. केंद्र म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली, एक वजनकाटा, एक छोटं मशीन आणि गावातल्या चाळीसेक घरांचं दूध. त्या कधी प्लांटवर येत नाहीत. आज पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या.

"मॅडम, माझं दूध का उतरवून घेत न्हाईत?"

"बघते मावशी."

"बघते न्हाई. काल सांजच्याला फोन आला, सतरा नंबर बंद म्हणून. पाणी हाय म्हणे, साखर हाय म्हणे. केंद्र सुरू झाल्यापास्नं मीच चालवून राहिले. एक डाव बी कॅन माघारी आला न्हाई माझा. आन आज साखर?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कारण मी काल दुपारी कामावर नव्हते. मी दुपारी नसतेच.

मी डेअरी केमिस्ट आहे. लातूरजवळच्या एका खाजगी डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. उदगीरला डेअरी टेक्नॉलॉजी शिकले. किल्लारीकडच्या आमच्या गावात, आमच्या घरात, कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घातलेली मी पहिली. वडील कारखान्यावर रोजंदारीनं जायचे. पोरगी दुधात शिकते म्हटल्यावर लोक त्यांना विचारायचे, "म्हशी धुवायला कॉलेज लागतं व्हय?" वडील म्हणायचे, "तुमच्या म्हशीचं दूध खरं हाय का खोटं, ते सांगायला लागतं."

लेक झाली. सव्वीस आठवड्यांची रजा संपली. नवरा नांदेडला बँकेत, शनिवारी येतो. घरी सासूबाई आणि लेक. दिवसभर बाहेर राहणं जमण्यासारखं नव्हतं आणि नोकरी सोडायची नव्हती. मी अर्धवेळ मागितला. प्लांट मॅनेजर बिराजदार साहेब म्हणाले, "अर्ध्या दिवसाची केमिस्ट मी आजवर बघितली नाही." मी म्हटलं, "आता बघा." डेअरीच्या नांदेडच्या हेड ऑफिसनं तीन महिन्यांसाठी मंजुरी दिली. सकाळी सात ते साडेअकरा. तीन महिन्यांनी काम बघून पुढचं ठरणार. दुपारपासून रात्रीपर्यंत इम्रान. तोही केमिस्ट, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्या दिवशी मला परत येऊन पाचवा आठवडा चालू होता.

लॅबच्या टेबलावर इम्राननं काढलेला रिपोर्ट होता. तो समजण्यासाठी आमचं काम थोडं सांगते.

सकाळी डॉकवर प्रत्येक केंद्राच्या दुधाची दोन आकड्यांची टेस्ट होते. फॅट आणि एसएनएफ. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून उरलेला ऐवज, म्हणजे प्रोटीन, दुधाची स्वतःची साखर आणि क्षार. पाणी घातलं की एसएनएफ पडतं. हुशार माणूस मग साखर घालून ते वर आणतो. म्हणून प्रत्येक केंद्राची एक बाटली फ्रिजमध्ये राखून ठेवतात आणि दुपारी मोठ्या मशीनवर तिची पूर्ण तपासणी होते. तिथं प्रोटीन वेगळं दिसतं, साखर वेगळी दिसते. दुपारच्या टेस्टला चकवणं अवघड.

सतरा नंबरचा रिपोर्ट होता: फॅट चार पॉइंट एक. प्रोटीन एक पॉइंट एक. साखर सात.

गाई-म्हशीच्या दुधात प्रोटीन तीनच्या पुढं असतं. साखर पाचच्या आत. म्हणजे हिशोब सरळ होता. पाणी घातलं म्हणून प्रोटीन पडलं, साखर घातली म्हणून साखर वाढली. इम्राननं खाली लिहिलं होतं, 'भेसळीचा दाट संशय, केंद्र तूर्त बंद.' त्याच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

फक्त फॅट मला खटकलं. इतकं पाणी घातल्यावर फॅट चारच्या वर राहीलच कसं? मग तेलही घातलं म्हणायचं. शकुंतलाबाईंच्या पुढच्या खोलीत हा एवढा कारखाना कोण चालवतंय?

साखरेची एक वेगळी टेस्ट असते. दुधात आम्ल आणि एक पावडर टाकून गरम करायचं. बाहेरून साखर घातली असेल तर लाल होतं. ती लावू म्हणून मी फ्रिज उघडला. रॅकमध्ये एक ते तीस अशी नंबरांची भोकं आहेत. सतराच्या भोकातली बाटली काढली. नंबर नव्हता. पांढऱ्या पट्टीवर फक्त वेळ लिहिली होती, ९.४०.

अक्षर माझं होतं.

लेक सहा-सात महिन्यांची. मी घरी पोचेपर्यंत तिला दोनदा भूक लागते. म्हणून मी रोज साडेनऊच्या सुमाराला रेकॉर्ड रूमची कडी लावून दूध काढायचे, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवायचे आणि जाताना बर्फाच्या पिशवीतून घरी न्यायचे. दुसऱ्या दिवशी सासूबाई ते पाजायच्या. त्यासाठी घरून निळ्या झाकणाची बाटली आणायचे. काल ती घरीच राहिली, म्हणून लॅबमधली उकळून वाळवलेली सॅम्पलची बाटली घेतली. लॅबमध्ये मी सोडून सगळे पुरुष. 'आईचं दूध' असं लिहायला लाज वाटली. वेळ लिहिली आणि मोकळी जागा दिसली तिथं खोवली. ती जागा सतराची होती. सतराची गाडी त्या दिवशी उशिरा आली होती.

त्यात सव्वाअकराला सासूबाईंचा फोन. लस दिलेली मांडी सुजलीय, पोरगी रडून लाल झालीय. मी तशीच पळाले. बाटली राहिल्याचं संध्याकाळी आठवलं. इम्रानला एक फोन करायचा होता. पण काय सांगायचं? उद्या गेल्यावर ओतून देऊ म्हटलं आणि झोपले.

बिनलेबलच्या बाटलीला रॅकमधली जागा हेच नाव, हा आमच्याकडचा रिवाज. इम्रान रिवाजानं वागला. आईच्या दुधात प्रोटीन कमी आणि साखर जास्त असते. मशीन पण खरंच बोललं.

तरी सवयीनं टेस्ट लावली. लाल झालं नाही. मग सतराची खरी बाटली शोधली. जागा भरलेली बघून कुणीतरी ती खालच्या कप्प्यात ठेवली होती. नंबर लिहिलेला, न तपासलेली. ती मशीनला लावली. प्रोटीन तीन पॉइंट दोन. सगळं जागेवर.

पावणेनऊ झाले होते. उन्हाळ्यात कॅनमधलं दूध दहाच्या पुढं धरवत नाही. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, सतराचं दूध चांगलं आहे. उतरवून घेऊ."

"रिपोर्ट बघितला का तुम्ही?"

"तो सतराचा नाही. हा सतराचा." मी नवा कागद ठेवला.

"मग काल इम्राननं कुणाचं दूध तपासलं?"

"माझं."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. माझ्याकडं बघितलं आणि लगेच खिडकीकडं बघायला लागले. मी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. 

"हे असं लिहिता येत नाही हो," ते म्हणाले. "कॅन घ्या. मशीन एरर टाकू. इंजिनिअरला बोलावून दाखवू. तुमचंही नाव नको आणि माझ्याही डोक्याला ताप नको. तुमचं तीन महिन्यांचं ते प्रकरण आहे, माहीत आहे ना?"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मशीन काही उठून बोलणार नव्हतं. मी "बरं" म्हणून बाहेर आले. डॉकवरच्या माणसाला कॅन उतरवायला सांगितलं आणि शकुंतलाबाईंना म्हटलं, "मावशी, झालं. मशीनची चूक होती."

त्यांनी कॅनवर हात ठेवला. "थांब रे," त्या डॉकवरच्या माणसाला म्हणाल्या. मग मला, "मशीन चुकलं? गावात कोण ऐकंल हे? म्हणतील बाई प्लांटवर गेली, साहेबाला भेटली, मिटवून आली. रात्री माझा चुलत दीर दारात आला. म्हणतो, वैनी, चाळीस घरांच्या दुधाला साखर किती किलो लागती? माणसं हसली मॅडम. काय झालं ते खरं लिवून द्या. न्हाईतर हे दूध इथंच सांडते अन घरी जाते."

त्यांनी ते सांडलंच असतं. मला त्यांच्या हातावरून कळलं. मी वडिलांचं वाक्य गावभर मिरवलेली मुलगी. खरं का खोटं ते सांगायला कॉलेज लागतं म्हणे.

"मावशी, मशीन चुकलं नाही. मी चुकले. ती बाटली माझी होती. लेकरासाठी काढून ठेवलेलं दूध होतं. तुमच्या जागेवर ठेवलं, नाव लिहिलं नाही."

त्या एकदम 'मॅडम'वरून 'तू'वर आल्या. "तुझं?"

"हाव."

"तुझं दूध माझ्या नावावर चढलं?"

"हाव."

त्यांनी कॅनवरचं पोतं सारखं केलं. "जेवले न्हाई मी रात्री," मग म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. मग, "फॅट किती निघालं?"

"चार पॉइंट एक."

"माझ्या जर्सीला साडेतीन लागंना." पिकअपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसायला लागला. शकुंतलाबाईंनाही हसू आलं, पण लगेच बोट वर केलं. "हसले म्हणून सोडलं असं समजू नको. कागद पायजे. सही-शिक्क्याचा."

मी परत केबिनमध्ये गेले. साहेबांनी डोक्याला हात लावला. दहा मिनिटं आमची भाषेवर घासाघीस झाली. ते म्हणाले 'वैयक्तिक द्रव' लिहा. मी म्हटलं, द्रव म्हटल्यावर लोक काय समजतील? शेवटी असं लिहिलं: 'लॅबमधील केमिस्टने स्वतःच्या बाळासाठी काढलेले दूध लेबल न लावता सतरा नंबरच्या जागी ठेवले. तपासणी त्या दुधाची झाली. सतरा नंबर केंद्राचे दूध निर्भेळ आहे. चूक केमिस्टची आहे.' खाली माझी सही, साहेबांची सही, शिक्का. एक प्रत हेड ऑफिसला, एक शकुंतलाबाईंना. त्यांचा चष्मा घरी होता. ड्रायव्हरनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्या डॉकनं ऐकला. नऊ पंचवीसला कॅन उतरले. नळीत उकळून बघितलं, दूध फाटलं नाही.

साडेअकराला इम्रान आला. त्याला मीच सांगितलं. तो खुर्चीत बसला. "मॅडम, साखर आहे का बघायला मी चाखणार होतो. नाही चाखलं, अल्ला कसम. तौबा!" पुढं आठवडाभर तो माझ्याशी जमिनीकडं बघून बोलत होता.

चार दिवसांनी नांदेडहून एचआरच्या मॅडमचा फोन आला.

"हे एवढं सविस्तर लिहायची गरज होती का?"

"होती. त्या बाईंचं केंद्र बंद झालं होतं."

"मेमो द्यावा लागेल तुम्हाला."

"द्या."

मेमो आला. फाइलला लागला, आजही आहे. लॅबच्या फ्रिजमध्ये खाजगी काही ठेवायचं नाही, अशी नोटीस लागली. ते बरोबरच होतं. रेकॉर्ड रूममध्ये बर्फाचा डबा ठेवायला परवानगी मिळाली, तीही मी लेखी मागितली म्हणून. तीन महिने संपल्यावर अर्धवेळेला आणखी दोन महिने मिळाले. मी तीन मागितले होते. अट एकच, जाताना हँडओव्हर रजिस्टर लिहायचं आणि दोघांनी सही करायची. आधी हे रजिस्टर नव्हतंच. आता दोन्ही शिफ्टला आहे.

शकुंतलाबाईंनी तो कागद केंद्राच्या भिंतीवर, भावफलकाच्या शेजारी चिकटवला. चुलत दीर रोज दूध घालायला येतो तेव्हा त्याला तो वाचायला लावतात, असं ड्रायव्हर सांगतो.

अर्धवेळ कामावर परतणाऱ्या पोरी मला कधी काय काय विचारतात. मी एवढंच सांगते. पूर्ण दिवस असताना मी काहीही अर्धवट ठेवून जेवायला जायचे आणि येऊन निस्तरायचे. अर्ध्या दिवसाला निस्तरायला दुपार नसते. जे मागं ठेवाल त्यावर काय ते लिहून जा. मी लाजेपोटी माझं नाव लिहिलं नाही. बाटलीला नाव लागलंच, दुसऱ्या बाईचं.