सातव्या मजल्याचं बटण

आमच्या धाकट्या भाऊजींना एका जागी स्वस्थ बसलेलं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा त्यांचा एक पाय हलत असतो. सासूबाई म्हणायच्या, हा पाळण्यातही झोपायचा नाही, कडी कुठे कुरकुरते ते ऐकत पडायचा. खरं-खोटं देव जाणे, पण पुढे त्यांनी पोट लिफ्टवरच भरलं. बावीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करताहेत. वय बेचाळीस, लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की नेमका कुठल्या तरी इमारतीतून फोन येतो आणि हे पिशवी उचलून निघतात.

आम्ही राहतो शहराच्या पार कडेला. भाऊजींच्या सगळ्या लिफ्ट मध्यवस्तीत, कचेऱ्या आणि जुन्या उंच इमारतींच्या गर्दीत. इथून तिथे दोन बस आणि वर पंधरा मिनिटांची चाल. इतकी वर्षं ते कसंबसं निभावलं. मग कंपनीने नियम काढला की लिफ्टमध्ये माणूस अडकला तर वीस मिनिटांत पोहोचायचं, आणि त्यासाठी तिथेच राहायचं. महिनाअखेरीला संध्याकाळी पाचच्या आत घरमालकाच्या सहीचा, पत्ता लिहिलेला कागद द्यायचा. नाही दिला तर गोदामात बदली.

"गोदामात काय वाईट आहे?" आमचे हे म्हणाले. "बसून काम, डोक्यावर पंखा. नट मोजायचे आणि घरी यायचं."

 त्या दिवशी भाऊजी ताटावर बसले तेव्हा त्यांचा पाय हलत नव्हता. 

दुसऱ्या दिवसापासून खोली शोधणं सुरू झालं. एकट्या पुरुषाला कोणी दारात उभं करत नाही म्हणून घरातलं बाईमाणूस दिसावं एवढ्यासाठी मी बरोबर जायची. सकाळची पूजा उरकायची, डबे भरायचे आणि दुपारी निघायचं. त्या महिन्यात माझा जप बसमध्येच झाला.

पहिली खोली म्हणजे जिन्याखाली प्लायवूड ठोकून केलेला कप्पा. वरून कोणी उतरलं की छतातून भुसा पडायचा. दलाल म्हणाला, ताई, लोकांची वर्दळ आहे म्हणजे चोरीची भीती नाही. दुसरीकडे खोली नव्हतीच, खाट होती, आणि तीही आठ तासांसाठी. आधीचा उठला की भाऊजी झोपणार, ते उठले की तिसरा. भाऊजींना ती पसंत पडली. मी नाक मुरडलं, पण नकार खाटेवाल्यानेच दिला, कारण भाऊजींना रात्री-अपरात्री बोलावणं येतं आणि त्याला पाळी चुकवणारा माणूस नको होता. तिसरी छापखान्याच्या वर होती. उभं राहिलं की पायांना मुंग्या यायच्या, पेल्यातलं पाणी थरथरायचं. भाड्याचं म्हणाल तर स्वस्त आणि मोक्याची असे दोन्ही शब्द दलालाच्या तोंडी एका वाक्यात आले की आम्ही समजायचो, आत काहीतरी गोम आहे.

एक खोली मात्र खरोखर चांगली होती. चौथा मजला, खिडकी, स्वतःचा नळ, मालक सज्जन. आम्ही लिफ्टने वर जात होतो तेव्हा भाऊजींनी मान वाकडी करून कान लावला. म्हणाले, वहिनी, तुम्ही खोली बघून घ्या, मी आलोच. आणि गेले ते थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. माझं मालकांशी हवा-पाणी, मुलंबाळं, गुडघेदुखी सगळं बोलून झालं. तासाभराने भाऊजी काळे हात घेऊन उतरले, चेहरा फुललेला. तोवर दुसरं एक जोडपं आलं, त्यांनी खोली पाहिली आणि जागच्या जागी ठरवून टाकली.

"पण लिफ्टचा आवाज गेला की नाही?" भाऊजींनी परतताना विचारलं.

मी कपाळाला हात लावला.  मग बसमध्ये हसू यायला लागलं, काय करणार.

महिन्याचे दहा दिवस उरले. दलाल फोन उचलेनासा झाला. भाऊजी घरात येरझाऱ्या घालायचे, आमच्या यांची झोपमोड व्हायची, हे करवादायचे. अशात एका संध्याकाळी भाऊजी आले आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, वहिनी, एक जागा रिकामी आहे आणि ती कोणालाच माहीत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या कामातली एक अरुंद इमारत आहे, दर मजल्यावर एकच घर. तिथल्या लिफ्टची बटणं दीड वर्षापूर्वी त्यांनीच नवीन बसवली होती. आता तिसऱ्याचा आकडा पुसट झाला होता, पाचव्याची कड घासली होती, दुसऱ्याच्या मधोमध बोटाचा खळगा पडल्यासारखा दिसत होता. सातव्याचं बटण मात्र जसं डब्यातून काढलं तसं. सातव्या मजल्यावर लिफ्ट बोलवायला दाराशी असतं तेही तसंच, वर धूळ. दीड वर्षात त्या मजल्यावर कोणी गेलं नाही की तिथून कोणी उतरलं नाही.

"माणसं खोटं बोलतील," भाऊजी म्हणाले, "बटण नाही बोलत."

पहारेकऱ्याला विचारा ना, मी म्हटलं. तर म्हणाले, छे. पहारेकऱ्याला विचारलं की दलालाला कळणार, दलालाला कळलं की भाडं चढणार. आपण गुपचूप वर जायचं, बटणाच्या नादात बघायची राहिलेली दारावरची पाटी वाचायची आणि मालकाला गाठायचं. भाऊजींना रविवारी सुटी होती, म्हणून रविवारी जायचं ठरलं. मधले दिवस मी दिवा लावताना रोज एकच मागत होते. देवा, तेवढा सातवा मजला रिकामा राहू दे.

रविवारी आम्ही गेलो. लिफ्ट सातव्यावर थांबली, दार उघडलं, आणि आम्ही बाहेर पाऊल टाकतो तोच समोरचं घराचं दारही उघडलं. सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. केस अर्धे विंचरलेले, कंगवा हातात. आमच्याकडे न बघता त्या आमच्या मागे, उघड्या लिफ्टकडे बघत होत्या.

"कोण हवंय?"

भाऊजींची बोबडी वळली. "कोणी नको होतं," ते म्हणाले. "म्हणजे, कोणी नसेल असं वाटलं होतं."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंना राग आला नाही, उलट त्या जरा हसल्या आणि त्यांनी आम्हाला आत टेबलाशी बसवलं. कोणी सांगितलं मी गेले म्हणून, असं त्यांनी विचारलं. भाऊजींनी खरं ते सांगून टाकलं, बटणाचं. बाईंचा विश्वास बसेना. तेव्हा भाऊजी उठले, पिशवीतला पाना घेतला आणि पाच मिनिटांत दोन बटणं काढून घेऊन आले. एक तिसऱ्याचं, एक सातव्याचं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

बाई ती किती तरी वेळ बघत राहिल्या. मग सातव्याचं उचलून पदराने पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतंच त्यावर.

हळूहळू कळलं. बाई टपालाच्या काउंटरवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. बटणं बदलली त्याच्या थोडंच आधी त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. दिवे गेलेले, आत एकट्या. दहा मिनिटांत येतो म्हणालेला कंपनीचा माणूस दीड तासाने पोहोचला. ते आमचे भाऊजी नव्हते, दुसरा कोणी होता, त्याचंही घर लांबच. तेव्हापासून बाई खाली उतरल्या नाहीत. जिना उतरायला गुडघे नाहीत आणि लिफ्टमध्ये शिरायला छाती नाही. सज्जातून टोपली सोडायची, दुकानदार त्यात जिन्नस ठेवतो, त्या वर ओढतात. येणारं-जाणारं माणूस तेवढंच, तेही दोरीच्या टोकाला.

मी मान खाली घालून ऐकत होते. इतके दिवस मी ज्या घरासाठी हात जोडत होते ते रिकामं असावं, एवढंच मला हवं होतं. आत कोणी असेल तर त्याचं काय व्हावं, हे मनात आलंच नाही. मागताना माणसाने जरा डोळे उघडे ठेवून मागावं, असं त्या टेबलाशी बसून मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात कान पकडले.

निघताना भाड्याच्या खोलीचा विषय मीच काढला. मागे एक खोली बंद दिसत होती. बाई म्हणाल्या, ती वापरात नाही, तिच्या डोक्यावर लिफ्टचं यंत्र आहे, दिवसभर घरघर चालते, तिथे कोण राहणार. भाऊजींचा पाय टेबलाखाली हलायला लागला.

"तुम्ही इथे राहिलात," बाईंनी त्यांना विचारलं, "आणि ही लिफ्ट अडकली, तर किती वेळात याल?"

"इथे असलो तर दोन मिनिटांत."

"आणि दुसरीकडे कुठे कामावर असलात तर?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. दहा मिनिटं म्हणा, पंधरा म्हणा, काहीही म्हणा.

"तर तिथलं माणूस आधी बाहेर काढीन," भाऊजी म्हणाले. "मग येईन. किती वेळ लागेल ते आत्ता नाही सांगता येणार."

 बाई विचार करून कळवते म्हणाल्या. उतरताना मी भाऊजींना पुष्कळ बोलले. एक गोड शब्द बोलायला काय जात होतं? ते म्हणाले, वहिनी, त्या बाईंना पुन्हा कोणी वेळ चुकीची सांगायची का? त्याने मला जास्तच राग आला.

दिवस गेले, निरोप नाही. तो काळ घरात कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. फोन वाजला की तिघेही उठायचो. आमचे हे वरवर गोदामाच्या फायद्यांची यादी म्हणून दाखवायचे, पण एकदा मी पाहिलं, भावाचा फोन चार्जिंगला लावलाय की नाही ते चोरून बघत होते.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला आम्ही दोघं त्या इमारतीच्या तळमजल्यावर जाऊन उभे राहिलो. वर जाऊन तगादा लावायचा नाही, असं भाऊजींचं म्हणणं होतं. मग आलो कशाला, असं विचारलं की ते लिफ्टच्या आकड्यांकडे बघायचे. पहारेकऱ्याने वर आवाज दिला की लिफ्टवाले आलेत. एवढंच. चार झाले, साडेचार झाले. मी देवाचं नाव घेत होते, पण या वेळी पुढे काही मागत नव्हते.

पावणेपाचला लिफ्ट हलली. दारावरचे आकडे चढत गेले. पाच, सहा, सात. सातवर थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. भाऊजींनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं केलं नव्हतं. मग पहारेकऱ्याने खालचं बटण दाबलं तसे आकडे उतरायला लागले, आणि भाऊजी प्रत्येक आकडा ओठांनी म्हणत होते, जणू ती लिफ्ट त्यांनी हातांवर झेलून खाली आणायची होती.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. मधोमध स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, त्यावर किल्ली आणि चार घड्यांचा कागद. टपालातल्या माणसाचं अक्षर, पत्ता कसा असावा तसा, शेवटी पिनकोड ठसठशीत, खाली सही. भाडं लिहिलं होतं ते त्या वस्तीत कोणी ऐकलं नसेल इतकं कमी. खाली एक ओळ: ही खोली खोटं न बोलल्याबद्दल. स्टूल परत पाठवावं.

भाऊजींनी कागद दोनदा वाचला आणि धावत सुटले. कंपनीची कचेरी तिथून अकरा मिनिटांवर. चप्पल तुटली तर तुटो, असं धावणं होतं ते.

स्टूल घेऊन मी वर गेले. लिफ्टमध्ये एकटी जायची माझी ती पहिलीच वेळ. बाई दारातच होत्या.

"मध्ये कुठे अडकली नाही ना?"

"नाही."

"तो पोहोचेल?"

"धावत गेलेत."

त्यांनी स्टूल घेतलं नाही. लिफ्टचं दार मिटू नये म्हणून मला ते मध्ये ठेवायला सांगितलं. मग चौकटीला धरून उंबऱ्यापर्यंत आल्या, वाकून आत पाहिलं. आरसा पाहिला, दिवा पाहिला, जमीन पाहिली. एक पाय उचलला, हवेत धरला आणि परत मागे घेतला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "तो इथे राहायला आला की बघू."

मी स्टूल उचललं. लिफ्टचं दार मिटलं आणि ती खाली गेली, कोणी तरी दुसरं बोलावत होतं. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, घड्याळात पाच वाजायची वाट बघत.